काळ्यावर चंदेरी : मस्टँगच्या किटला उघड्या पत्र्याचा रंग देताना

१/४८ मापाचं पी-५१डी मस्टँगचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाचं, प्लास्टिकचं किट गेल्या आठवड्यात हातावेगळं झालं. अख्खं विमान चंदेरी, कॅमोफ्लाजचा आडोसा कुठेही नाही. असं किट अनेकांच्या कपाटात पडून असतं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं बारीक उपकरण) हातात बसलेला असतो, हिरवा-राखाडी रंग व्यवस्थित मारता येतो, पण मेटॅलिक म्हटलं की पाऊल मागे पडतं. म्हणून सगळं ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो : या कामात प्रत्यक्ष चंदेरी रंग मारायला सगळ्यात कमी वेळ लागतो. चकाकी किती येणार हे त्याआधीच, प्लास्टिकवर आणि काळ्या थरावर, ठरून गेलेलं असतं.

सुरुवात फोटोंपासून केली. किटच्या सूचनापत्रकात बहुतेक वेळा संपूर्ण विमानाला एकच ‘सिल्व्हर’ दिलेला असतो. खरं मस्टँग तसं नव्हतं. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने १९४४ च्या सुरुवातीला कारखान्यात कॅमोफ्लाज मारणं थांबवलं आणि डी मॉडेलची बहुतेक विमानं चंदेरीच बाहेर पडली. पण उघडा पत्रा होता तो मुख्यतः धडावर. पंखांचा छेद लॅमिनार फ्लो प्रकारचा, म्हणजे हवा न ढवळता सरळ थरांत वाहावी असा. त्यांच्यावरून हवा अडखळू नये म्हणून कारखान्यात रिव्हेट आणि पत्र्यांचे सांधे पुट्टीने भरत, घासत, प्रायमर देत आणि वर चंदेरी लॅकर (झपाट्याने वाळणारा रंग) मारत. रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) तर कापडी, त्यावर चंदेरी डोप, म्हणजे कापड घट्ट ताणणारा रंग. म्हणजे एकाच विमानावर तीन चंदेरी : धडाचा धातू, पंखांचा रंग आणि रडरचं कापड. हे तिन्ही वेगळे दिसले तरच मॉडेल पटतं. कुठला भाग कोणत्या प्रकारात येतो ते रंगाला हात लावायच्या आधी एका कागदावर लिहून घ्यावं, कारण त्याचा परिणाम थेट घासकामावर होतो.

किटच्या पंखांवर पॅनेल लाइन्स (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) आणि रिव्हेट खोदलेले असतील, तर वरच्या कारणाने त्यातले बरेचसे बुजवावे लागतात. पातळ सुपरग्लू टूथपिकच्या टोकाने रेषेत सोडला आणि तासाभरात घासून टाकला. रात्रभर ठेवला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो. मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिक जातं आणि ग्लूची वरंबी उरते. बंदुकांच्या आणि काडतुसांच्या कप्प्यांची झाकणं, इंधनाच्या टाकीचं तोंड, फ्लॅप आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) यांच्या रेषा मात्र ठेवल्या. त्या खऱ्या विमानावरही दिसतात.

धडाच्या सांध्यांनाही सुपरग्लूच वापरला. नेहमीची ट्यूबमधली पुट्टी इथे टाळलेली बरी. तिच्यातला सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) कित्येक दिवस उडत राहतो, ती आक्रसते आणि रंग वेगळ्या प्रमाणात शोषते. मॅट हिरव्याखाली हे कळत नाही. चंदेरीखाली मात्र धडाच्या पाठीवरून एक पुसट रेघ उमटते आणि ती नंतर कशानेही जात नाही.

घासण्याच्या पेपरचा क्रम ४००, ६००, १०००, २००० असा; आकडा मोठा तितका पेपर बारीक. ४०० फक्त सांध्यापुरता, बाकी सगळं पाणी लावून. प्रत्येक नवा पेपर आधीच्या दिशेला आडवा चालवायचा, म्हणजे जुने ओरखडे कधी संपले ते दिसतं. ६०० चा ओरखडा प्रायमरखाली दबला असं वाटतं, पण दबत नाही. यात घाई केली तर पुढच्या प्रत्येक थरात तोच ओरखडा पुन्हा भेटतो.

त्यानंतर कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि मऊ टूथब्रश घेऊन आंघोळ. साच्यातून सुटे भाग निघावेत म्हणून लावलेलं तेल आणि आपल्या बोटांचा तेलकटपणा, दोन्ही जायला हवेत. नंतर मास्किंग टेपबरोबर रंग सोलून निघतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. किट रात्रभर वाळू दिलं आणि तिथून पुढे नायट्राइल हातमोज्यांशिवाय हात लावला नाही. नाकावरचा पंखा (प्रॉपेलर) अजून बसवलेला नव्हता. त्याच्या भोकात एक जाड काडी घट्ट बसवली आणि शेवटपर्यंत विमान त्या काडीने धरलं.

एअरब्रश ग्रॅव्हिटी फीडचा (रंगाचा कप वर), डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), ०.३ मिमी नोझलचा. कॉम्प्रेसरला टाकी, रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप असावाच. टाकी नसेल तर दाब धडधडत येतो आणि मेटॅलिकमध्ये त्याचे पट्टे दिसतात. लॅकरचं काम असल्याने सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क घातला, बाहेर हवा फेकणारा स्प्रे बूथ चालू ठेवला आणि खोलीत ज्योत नाही हे पाहिलं. धुळीसाठीचा कागदी मास्क इथे काहीच अडवत नाही.

प्रायमर म्हणून मिस्टर फिनिशिंग सर्फेसर १५००, काळा. एक भाग प्रायमर, दोन भाग मिस्टर लेव्हलिंग थिनर, दाब १५ ते १८ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). प्रायमरची इथे दोन कामं : वरच्या लॅकरला पकड देणं आणि त्यातल्या कडक सॉल्व्हंटपासून पॉलिस्टायरीनला वाचवणं. उघड्या प्लास्टिकवर असा रंग ओला पडला तर पृष्ठभाग जाळीदार तडकतो. प्रायमर बसला की दिवा तिरका धरून प्रत्येक सांधा तपासला. डाव्या पंखाच्या मुळाशी आणि रेडिएटरच्या तोंडाखाली पुन्हा घासावं लागलं. मग परत प्रायमर आणि एक दिवस थांबणं.

याच वेळी चार-पाच प्लास्टिकच्या चमच्यांनाही प्रायमर मारून ठेवला. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. मॉडेलला जो थर मिळेल तोच चमच्यांना, त्याच दिवशी. रंग वाळला का, टेप चालेल का, वार्निशने काय होईल हे सगळे प्रश्न मग चमच्याला विचारता येतात.

आता काळा. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला.

मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे अतिशय पातळ पापुद्रे असतात. ते माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर आडवे बसले तर प्रकाश एकाच दिशेने परत येतो आणि आपल्याला धातू दिसतो. खालचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर ते वेडेवाकडे पडतात, प्रकाश विखुरतो आणि हाती लागतो तो दाणेदार राखाडी रंग. काळा अशासाठी की पापुद्र्यांच्या फटींतून आत गेलेला प्रकाश तिथेच गिळला जातो आणि धातूला खोली येते. पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी बेसवर तोच रंग फिकट, दुधाळ वाटतो.

टामियाचा एलपी-१ ग्लॉस ब्लॅक घेतला. एकास दीड प्रमाणात लेव्हलिंग थिनर; या थिनरमध्ये रिटार्डर असल्याने रंग सावकाश वाळतो आणि पसरून सपाट व्हायला वेळ मिळतो. आधी दोन अगदी हलके, धुक्यासारखे हात, मध्ये पाच मिनिटं. त्यांनी पुढच्या ओल्या थराला धरून ठेवायला जागा तयार होते. मग खरा थर : अंतर ५ ते ७ सेंमी, हात संथ, दाब १५ च्या आसपास. दिव्याचं प्रतिबिंब पृष्ठभागावर पडेल असं मॉडेल धरायचं आणि फवाऱ्याकडे न बघता त्या प्रतिबिंबाकडे बघायचं. फवाऱ्यामागे ओली, चकचकीत कड सरकताना दिसते; ती कड तुटू द्यायची नाही. दिव्याची कड प्रतिबिंबात धारदार दिसली की पुढे जायचं. ती थरथरू लागली म्हणजे रंग जास्त झाला, आता ओघळ येणार. पंखाच्या मुळाशी आणि शेपटीच्या सांध्यात रंग साचतो, तिथे ट्रिगर थोडा पुढे सोडायचा.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर त्याला तीन कारणं असतात : रंग जाड, अंतर जास्त किंवा दाब जास्त. तिन्हींत थेंब पोहोचेपर्यंत अर्धवट वाळतात आणि पसरत नाहीत. हवा फार दमट असेल तर आणखी एक त्रास. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि काळ्यावर दुधी झाक येते. अशा दिवशी लॅकरला हात न लावलेला बरा.

काळ्याला एक पूर्ण बाटली लागली, म्हणजे १० मिली. नवख्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. चंदेरीच्या दोन बाटल्या आणतात आणि काळा अर्ध्यावर संपतो. दोन काळ्या आणि एक चंदेरी हा हिशोब बरोबर.

त्यानंतर थांबायचं. हाताला काळा अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण आतला सॉल्व्हंट अजून वर येत असतो. लॅकरला ४८ तास दिले. इनॅमलचा काळा बेस असेल तर त्याहून बरेच जास्त. मॉडेल धूळ बसू नये म्हणून डब्याखाली झाकलं होतं. डबा उचलून नाक जवळ नेलं आणि थिनरचा वास आला तर परत झाकून ठेवायचं. वास पूर्ण गेला तरच काळा तयार. हे दिवस फार जड जातात. पियानोसारखं चमकणारं विमान समोर असतं आणि त्याला हात लावायचा नसतो. तो वेळ चाकं, कॉकपिट आणि पंख्याच्या पात्यांना दिला.

काळा पक्का झाल्यावर त्यात अडकलेले धुळीचे कण काढले : २००० चा पेपर फक्त कणावर, मग ४००० चं मायक्रो-मेश (अतिशय बारीक घासकापड), मग टामियाचं पॉलिशिंग कंपाउंड, आधी ‘फाइन’ आणि शेवटी ‘फिनिश’. कंपाउंडचा अंश पॅनेल लाइनमध्ये राहिला तर तिथे चंदेरी धरत नाही. साबणाच्या पाण्याने पुन्हा धुतलं आणि पुसायला शुद्ध, डिस्टिल्ड पाणी वापरलं. नळाच्या पाण्याचे क्षाराचे डाग राहिले तर ते चंदेरीवर दिसतात.

शनिवारी सकाळी चंदेरी. रंग अल्क्लाड टूचा एअरफ्रेम अ‍ॅल्युमिनियम. याच मालिकेत क्रोमही आहे, पण विमानाला क्रोम घेऊ नये. विमानाच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. तो पांढुरका, किंचित उबदार दिसतो, आरशासारखा निळसर नाही. क्रोम गाड्यांच्या बंपरसाठी ठेवा.

हा रंग बाटलीतूनच एअरब्रशला योग्य इतका पातळ येतो, थिनर घालायचा नाही. पापुद्रे मात्र तळाशी बसतात. बाटलीत स्टीलची गोळी टाकून दोन मिनिटं चांगली हलवली, कपात दहा-बारा थेंब घेतले आणि दर काही मिनिटांनी कपातला रंग ब्रशने ढवळला. न ढवळता मारत राहिलं तर आधी पाणीदार आणि शेवटी दाणेदार रंग निघतो आणि दोन पंखांची छटा जुळत नाही. दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ५ ते ७ सेंमी, ट्रिगर जेमतेम मागे. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, कारण पहिल्या झटक्यात नोझलवर जमलेले थेंब उडतात.

पहिला हात निराशाजनक दिसतो, काळ्यावर धूर बसल्यासारखा. तिथे घाबरून ट्रिगर मागे ओढू नये. ओला थर पडला की त्यातला सॉल्व्हंट खालचा काळा मऊ करतो, पापुद्रे त्यात बुडतात आणि तो भाग कायमचा राखाडी होतो. दुसरा हात आडवा, तिसरा तिरका, प्रत्येक वेळी जवळजवळ कोरडा. तिसऱ्या हाताच्या सुमाराला अचानक धातू उमटतो : धडाच्या वळणावर खोलीतली खिडकी दिसायला लागते. इतक्या वेळा करूनही त्या क्षणी मन हरखतं. आणि तिथेच थांबायचं. चौथा-पाचवा हात चमक वाढवत नाही, ती झाकतो. संपूर्ण विमानाला ५ मिलीपेक्षा कमी रंग लागला.

रात्रभर वाळल्यावर पॅनेल. एकसारखा चमकणारा पत्रा खेळण्यासारखा दिसतो. खऱ्या विमानावर शेजारशेजारचे पत्रे वेगळ्या दिशेने लाटलेले असतात, त्यामुळे प्रत्येकावर प्रकाश वेगळा पडतो. फोटोत जे ठळक वेगळे दिसले ते पाच-सहाच पॅनेल निवडले. इंजिनचं झाकण आणि एक्झॉस्टच्या मागचा भाग हे त्यांतले मुख्य. सगळेच बदलले तर बुद्धिबळाचा पट होतो. टामियाची टेप काचेवर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी केला. अल्क्लाडचाच ड्युराल्युमिनियम एका हातात, काही ठिकाणी डार्क अ‍ॅल्युमिनियम, दोन्ही इतके विरळ की नुसता रंग बघून फरक कळू नये, मॉडेल फिरवल्यावर कळावा. अर्ध्या तासाने टेप स्वतःवरच दुमडत, अगदी सपाट कोनात, हळू ओढली. टेप रात्रभर ठेवू नये. गोंदाची झाक राहते आणि तेवढाच चौकोन मंद दिसतो.

कॉकपिटसमोरचा डोळे दिपू नयेत म्हणून असलेला ऑलिव्ह ड्रॅबचा पट्टाही याच वेळी मारला. मॅट आणि पातळ, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

आता वार्निश. मेटॅलिकवर वार्निश मारल्याने चमक जाते अशी सगळ्यांची तक्रार, आणि ती खरी आहे. पापुद्र्यांवर राळेचा थर आला की परतणारा प्रकाश बदलतो आणि वार्निशमध्ये कडक सॉल्व्हंट असेल तर पापुद्रे जागचे हलतात. पण मस्टँगच्या बाबतीत हाच दोष उपयोगी पडतो. पंख मुळात रंगवलेलेच होते. म्हणून धड पूर्ण झाकून पंखांना आणि रडरला पाण्यावर आधारित सेमी-ग्लॉस वार्निशचे दोन हलके हात दिले. झाकण काढल्यावर जे दिसलं तेच हवं होतं : पंख मऊ, रंगीत चंदेरी आणि धड कडक धातू. रडरला मॅटचा आणखी एक हात दिला, कापडासाठी. वेगळा रंग विकत घ्यावा लागला नाही.

धडावर वार्निश नाही, त्यामुळे डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं) थेट धातूवर. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने डेकलखाली हवा अडकून चंदेरी डाग पडण्याची भीती कमी असते, पण डेकलची पारदर्शक कड धातूवर ठसठशीत दिसते. धारदार पात्याने ती अक्षरांच्या जवळून कापली. डेकल नीट बसवणारे द्रव, मायक्रो सेट आणि मायक्रो सोल, आधी चमच्यावर लावून पाहिले. डाग नाही हे कळल्यावरच मॉडेलवर, तेही डेकलच्या आत राहील इतकेच. डेकल बसली की भोवतीचं पाणी लगेच टिपायचं आणि डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्यायचं.

वॉश (रेषांत सोडायचा अगदी पातळ रंग) गडद राखाडी, इनॅमलचा, बारीक ब्रशने फक्त रेषेत. काळा वॉश धातूवर फार आक्रमक दिसतो. वीस मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओली केलेली काडी हवा वाहण्याच्या दिशेने, पुढून मागे. लॅकरच्या धातूला व्हाइट स्पिरिटने काही होत नाही. रंग इनॅमलचा असेल तर मात्र तोच पुसला जाईल, तिथे ऑइल किंवा इनॅमल वॉश नको.

एक्झॉस्टच्या नळ्यांना स्टीलचा बेस, त्यावर टामियाचे पारदर्शक रंग : आधी एक्स-२६ ऑरेंज, मग टोकाकडे एक्स-१९ स्मोक. मागे धडावर पसरणारा धुराचा पट्टा १० पीएसआयवर, नऊ भाग थिनरमध्ये एक भाग राखाडी-तपकिरी. दिसू लागला असं वाटण्याच्या किंचित आधी थांबलं तर प्रमाण बरोबर येतं, कारण वाळल्यावर तो गडद दिसतो.

एअरब्रश धुताना मेटॅलिकसाठी थिनरची वेगळी बाटली ठेवा. कप भरून लॅकर थिनर फवारल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण पापुद्रे नोझलच्या आत आणि सुईच्या पॅकिंगजवळ अडकलेले असतात आणि पुढच्या पांढऱ्यात चमकतात. सुई काढून पुसायची, नोझल काढून बारीक ब्रशने आतून साफ करायचा, मग पांढऱ्या टिश्यूवर थिनर फवारून दिव्याखाली बघायचं. टिश्यूवर एकही ठिपका चकाकेनासा होईपर्यंत हे करायचं. कपात उरलेला चंदेरी बाटलीत परत ओतू नका. धुताना त्यात थिनर मिसळलेला असतो आणि पुढच्या वेळी पापुद्र्यांचं प्रमाण बिघडतं. बाटलीच्या तोंडाचे आटे पुसून झाकण घट्ट लावा आणि बाटली उभीच ठेवा.